‘मॅस्टॉइडेक्टमी’: सहीआधी समजू द्या

महोदय,

कान-नाक-घसा विभागात परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी गेली. संमतीपत्रावरचं ‘मॅस्टॉइडेक्टमी’ नातेवाईक अडखळत वाचतात, सही करतात आणि मग हळूच विचारतात, ‘सिस्टर, मेंदूचं ऑपरेशन आहे का हो?’

तसं नाही. कानामागे बोट लावलं की टणक उंचवटा लागतो, ते मॅस्टॉइड हाड. आतून ते मधाच्या पोळ्यासारखं, आणि त्यातल्या पोकळ्या मध्यकर्णाशी जोडलेल्या. कान वर्षानुवर्षं वाहतोय, त्याला घाण वास येतोय, तर आत कोलेस्टिएटोमा असू शकतो. तो कॅन्सर नव्हे; नको तिथे वाढलेली त्वचा ती, पण हाड पोखरते. दुर्लक्ष केलं तर पू मेंदूपर्यंत पोचू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ड्रिलने या हाडातला रोगट भाग काढतात, तीच मॅस्टॉइडेक्टमी. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, त्यामुळे घाई चालत नाही.

सगळ्यात कमी सांगितलं जातं ते हे, की ऑपरेशनचा पहिला हेतू कान कोरडा आणि सुरक्षित करणं हा असतो, ऐकणं सुधारणं नव्हे. पट्टी सुटल्यावर ‘अजून ऐकू येत नाही’ म्हणून चिडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? काही प्रकारांत कानात मोठी पोकळी उरते. ती डॉक्टरांकडून अधूनमधून साफ करून घ्यावी लागते, आत पाणी जाऊ द्यायचं नसतं. संमतीपत्रावर एवढं तरी सोप्या भाषेत छापावं. जागा भरपूर असते.

– एक निवृत्त परिचारिका