शर्यतीत बॅटरी नको, टेकऑफला हवी

संपादक साहेब, नमस्कार.

इलेक्ट्रिक विमानांवरचा तुमचा लेख वाचला, चांगला होता, पण 'आता ग्लायडरसुद्धा बॅटरीवर' एवढ्या एका ओळीत आमचा विषय उरकला ते खटकलं म्हणून लिहितोय. मी हडपसरला विंचवर, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून ग्लायडर वर चढवतात त्यावर, बिनइंजिनाच्या विमानाचं ग्लायडिंग शिकलो. केबल सुटली की वर फक्त आपण आणि हवा, थर्मल म्हणजे वर चढणारी गरम हवा सापडली तर राहायचं नाही तर खाली यायचं.

स्पर्धा पण तीच, फक्त मोठी. तीनचारशे किलोमीटरचा मार्ग आखून देतात, थर्मलमध्ये घिरट्या घालून उंची कमवायची आणि पुढे पळायचं. हवा मेली की एखादं शेत बघून उतरायचं. आता शेतात उतरायला लागू नये म्हणून स्लोव्हेनियातल्या लोकांनी नाकावर घडी होणारा पंखा आणि साधारण 22 किलोवॅटची मोटर बसवायची सोय काढलीय, एफईएस म्हणतात तिला, काही सेकंदात चालू होते. जुनं पेट्रोल इंजिन पाठीतून बाहेर काढावं लागायचं आणि ते सुरू झालं नाही तर उघड्या इंजिनामुळे उंची भराभर जायची, त्यात माणसं गेलीत. त्यामुळे मोटर आली हे चांगलंच झालं, यात वाद नाही.

पण भरवशाची मोटर असली की पायलट अशा जंगलावर, डोंगरावर घुसतो जिथे उतरायला जागाच नाही. नियम आहे की मोटर लावली की तिथेच शेतात उतरलात असं धरून मार्क मिळतात. पूर्वी लॉगर, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र, इंजिनाचा आवाज टिपायचा, ही मोटर इतकी शांत की तिच्यासाठी वेगळा सेन्सर लागला. नियम ठीक आहे, पण ज्याच्याकडे मोटर नाही त्याला शेतासाठी उंची राखून ठेवावी लागते आणि दुसऱ्याला तेवढी लागत नाही, हा फरक कुठल्याच लॉगरमध्ये दिसत नाही.

वजनाचंही तसंच. जोरदार हवेत पळायला वजन वाढावं म्हणून पंखात पाणी भरतात, हवा मंदावली की सोडून देतात. बॅटरी सोडता येत नाही, संध्याकाळच्या बारीक थर्मलमध्ये ती अंगावर असतेच, म्हणजे मोटरवाल्याचा सगळा फायदाच आहे असंही नाही. आणि 2017 मध्ये इंग्लंडमध्ये एका इलेक्ट्रिक ग्लायडरच्या बॅटरीने उतरताना पेट घेतला होता, त्यामुळे धोका संपला असं कुणी म्हणू नये.

आता मोजून दिलेली वीज शर्यतीतच वापरू द्यायची, असाही विचार एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेत पुढे आलाय. त्याचा वेगळा क्लास करा, खुशाल करा, कोण किती काटकसरीने वीज वापरतो ते बघायला मलाही आवडेल. पण स्टँडर्ड, 15 मीटर, 18 मीटर (पंखांची लांबी) या जुन्या क्लासमध्ये ते आणू नका, तिथे ढग वाचणारा जिंकला पाहिजे. तिथे बॅटरीचं काम टेकऑफला आहे. मोठ्या स्पर्धेत शंभरेक ग्लायडर एकेक करून पेट्रोलच्या विमानाने वर ओढतात, तो धूर, तो खर्च, ती रांग सगळं वाचेल. जर्मनीच्या अंटारेस 20ई या इलेक्ट्रिक ग्लायडरने स्वतःच्या बॅटरीवर वर जाता येतं हे कधीच दाखवून दिलंय. वर गेलात, मोटर बंद केलीत, स्टार्ट लाइन ओलांडलीत की त्यानंतर एक वॅट पण नको.

– हडपसरचा एक जुना ग्लायडर पायलट, पुणे