मोबाइलवर उपासना, ब्लूटूथवर मूठमाती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चर्चला न जाताही उत्तम ख्रिस्ती राहता येतं, हे पटवून देणारा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. उपासनेहून घरी आलो होतो, शर्टही बदलला नव्हता. वाचून झाला आणि जेवणावरची वासनाच गेली. मटण होतं, तरी. फोटोवरून लेखक तिशीचे दिसतात. भाषा सफाईदार आहे, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. बाकीच्या मजकुराबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

‘आपल्या खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर’ या बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातल्या सहाव्या वचनावर त्यांनी सगळा डोलारा उभा केला आहे. वचन खरंच आहे. पण महाशय आणखी तीन ओळी खाली उतरले असते तर बरं झालं असतं. तिथे प्रभू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. आमच्या पित्या, आमची रोजची भाकर, आमची ऋणं. अख्ख्या प्रार्थनेत ‘माझं’ म्हणून एक शब्द सापडला तर मला कळवावं. बंद खोलीत एकट्याने म्हटली तरी ही प्रार्थना अनेकवचनीच राहते.

चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दाला अडखळायची खोड आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथला येतो आणि ‘आपल्या परिपाठाप्रमाणे’ शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात जातो. परिपाठ! शाळेत सकाळी व्हायचा तोच. मूड आहे का, प्रवचन रंगतदार होणार आहे का, हे विचारून परिपाठाला कोणी जात नाही. घंटा झाली की रांगेत उभं राहायचं. आणि चर्चमधल्या लोकांनी मन दुखावलं म्हणून जाणं सोडलं, असं लेखक लिहितात, त्यांनी हाच अध्याय पुढे वाचावा. त्या दिवशी सभास्थानातल्या मंडळींनी येशूला गावाबाहेर काढून डोंगराच्या कड्यावर नेलं, कडेलोट करायला. याहून जास्त मन दुखावलं होतं का आपलं? तरी लगेच पुढे वाचा, तो कफर्णहूमात शब्बाथ दिवशी लोकांना शिकवतोच आहे.

आता टिळकांविषयी. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी चर्च सोडलं होतं, असा दाखला लेखकांनी ऐटीत दिला आहे. अर्धवट माहिती फार सोयीची असते. टिळकांनी 1917 साली सोडली ती अमेरिकन मिशनची नोकरी आणि पगार. आणि सोडून काय केलं, खोलीचं दार लावून बसले? साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही एकत्र आणायला. दरबार म्हटला की माणसं आली. पंडिता रमाबाईही कुणा मिशनऱ्याच्या धाकात राहिल्या नाहीत, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये चर्च बांधलंच ना? बंडखोरांची नावं घ्यायची तर त्यांनी रविवारी काय केलं तेही सांगा.

पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. तीन वर्षं झाली, मे महिन्यातली गोष्ट. आमच्या मंडळीतले एक वृद्ध सुतार प्रभूला प्रिय झाले. चर्चचे निम्मे बाक त्यांच्या हातचे. बाक कुरकुरला की उपदेश चालू असतानाच खाली वाकून बघायचे, पाळकसाहेबांनी कितीही डोळे वटारले तरी. मुलगा पुण्याला हिंजवडीत, मोठ्या हुद्द्यावर. तो रविवारी घरीच टीव्हीवर परदेशातल्या कुठल्याशा पास्टरांची उपासना लावतो, हे बापच सांगायचे. थोडं अभिमानाने, थोडं खाली बघून.

कबरस्थानात दुपारी चारला पोहोचलो. ऊन मी म्हणत होतं. पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना झाली, आता गीत. आमच्याकडे हार्मोनियमलाही पेटी म्हणतात आणि शवपेटीलाही पेटीच. त्या दिवशी दुसरी होती, पहिली नव्हती. कारण मुलाने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, ‘सर, तुम्ही त्रास घेऊ नका, मी म्युझिकची व्यवस्था केलीय.’ व्यवस्था म्हणजे त्याच्या मित्राने मातीच्या ढिगाऱ्यावर ठेवलेला डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर. इंग्रजी गाणं सुरू झालं. चाल चांगली होती, खोटं का बोलू? दुसऱ्या कडव्याच्या आधी गाणं तुटलं आणि एक बाई अतिशय उत्साहाने गादीची जाहिरात करू लागल्या. पाठदुखीला कायमचा रामराम. पेटी अर्धी खाली उतरली होती. दोर धरलेली चार माणसं तशीच थांबली. मित्र मोबाइलवर बोट आपटत होता, मुलाचा चेहरा लाल झाला होता.

तेव्हा स्त्री मंडळातल्या चौघी जणी मागून पुढे आल्या. सगळ्यात लहान सत्तर वर्षांची. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कुणी सूर दिला नाही, पुस्तक तर नव्हतंच. टिळकांचं एक भजन उचललं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गायलं. मी पाठीमागून खर्ज धरला, माझा आता तेवढाच उरला आहे. दोर पुन्हा हलले. मुलगा ओठ हलवत होता, पण त्याला धृपदाच्या पुढे येत नव्हतं. लहानपणी शब्बाथशाळेत मीच त्याला ते शिकवलं होतं.

माती देऊन झाल्यावर नळावर हात धुताना त्याने विचारलं, ‘सर, हे तुम्हा सगळ्यांना पाठ कसं?’ मी म्हटलं, ‘पाठ कुणी केलंय? झालंय.’ त्या चौघी पन्नास वर्षं रविवारमागून रविवार त्याच बाकांवर बसून ते गात आल्या आहेत. बहुतेक वेळा मन दुसरीकडेच असणार. दूध उतू जाईल का, नातू उठला का. तरी ते आत मुरलं, लोणच्यासारखं. अशा वेळी ते मोबाइलमधून काढता येत नाही.

मोबाइलवरची उपासना आम्हीही पाहिली आहे. 2020 मध्ये चर्च बंद होती, दुसरा इलाज नव्हता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी घरोघर ग्लुकोजचं बिस्किट आणि काळ्या मनुका भिजवलेलं पाणी घेऊन पडद्यापुढे बसलो. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच वेळी शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या रविवारी मास्क लावून, एक बाक सोडून बसलो, तेव्हा मास्कच्या आतून गाणाऱ्यांचा तो कोंदटलेला आवाज ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. लेखक म्हणतात, त्या काळाने सिद्ध केलं की इमारत लागत नाही. आजारपणात सलाइनवर माणूस जगतो, म्हणून बरा झाल्यावर भाकरी बंद करतो का?

चर्चमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. उपदेश लांबतात, पंखे बंद पडतात, मालमत्तेचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहेत, आणि त्या भांडणांत पंच मंडळींचा जेवढा उत्साह दिसतो तेवढा प्रार्थनेत दिसला तर चमत्कारच. मीसुद्धा एकदा माइकवरून रुसून तीन महिने घरी बसलो होतो. कुणी बोलवायला आलं नाही, आला तो फक्त चर्चचा शिपाई. ‘सर, तुमच्या जागेवर पोरं बसून दंगा करतात,’ म्हणाला. गेलो.

काही जण सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरीयेच्या, कॅथलिक यात्रेला जाऊन वर्षाचा हिशेब मिटवतात. मी प्रोटेस्टंट, तरी दोनदा जाऊन आलो आहे, गर्दी पाहून ऊर भरून येतो. पण माझे वारकरी मित्र सांगतात की वारी म्हणजे एकदाची सहल नव्हे, नेम. यावर कुणी, वारीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याचं नाव काढेल. जरूर काढावं. सावतोबांच्या मळ्यात रोज घाम गळत होता, तिथे रिमोट नव्हता.

जाता जाता एक. रविवार हा आमचा उपासनेचा वार आहे हे लेखकांना माहीत नसेल तर चालेल, आपल्याला माहीत असायला हवं. नीटची परीक्षा रविवारी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही बहुधा रविवारीच. पोरांनी कुठे कुठे जायचं? त्यात मागच्या महिन्यात आपल्याच दैनिकाने भरवलेली दौड रविवारी सकाळी आमच्या चर्चच्या रस्त्याने नेली. सव्वानऊपर्यंत रस्ता बंद. वर सांगितलेल्या चौघींपैकी दोघी आता काठी घेऊन चालतात. त्यांना रिक्षातून उतरवून अर्धा फर्लांग चालवलं, आणि वाटेत केळी वाटणारे आपले स्वयंसेवक त्यांना ‘आजी, बाजूला व्हा’ म्हणत होते. सोमवारी पहिल्या पानावर फोटो होता, ‘शहर धावले’.

माझ्या मागच्या पत्राचा निम्मा मजकूर आपण जागेअभावी कापला होता. या वेळीही कापावा लागलाच तर टिळकांचा परिच्छेद कापा, दौडीचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अहिल्यानगर