टायपिंगच्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाले, त्याला आता काही महिने झाले. तुम्हाला भेटून पेढे दिले, पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते इथे सगळ्यांसमोर लिहिते, कारण आपल्या लातुरात भरतीची तयारी करणाऱ्या कितीतरी मुली आणि सुना आहेत. तुम्ही शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

क्लास लावला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त राज्यसेवा, म्हणजे एमपीएससीची अधिकारी पदांची परीक्षा होती. तुम्ही ती सोड म्हणाला नाहीत. जाहिरात कधी निघणार, जागा किती असणार, कटऑफ किती लागणार, यातलं तुझ्या हातात काय आहे, एवढंच विचारलंत. मग वहीत लिहायला लावलंत : मराठी टंकलेखन, ३० शब्द प्रतिमिनिट. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४०चं प्रमाणपत्र लागतं. ते सहा महिन्यांच्या कोर्सनंतर परीक्षा देऊन मिळवता येतं आणि एकदा मिळालं की आपलंच. माझ्यासारख्या, शिक्षणात खंड पडलेल्या बाईला असं हाती लागणारं काहीतरी आधी हवं होतं.

तुमची शिकवण्याची रीत अजून डोळ्यांसमोर आहे. हातांवर मोठा रुमाल टाकायचात, कळा दिसूच नयेत म्हणून. मधली ओळ पक्की झाल्याशिवाय वरच्या ओळीला हात लावू द्यायचा नाहीत. रेमिंग्टन कळफलकावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, हे बोटांना पटेपर्यंत ‘किती’, ‘दिवस’, ‘विहिर’ असे शब्द ओळीच्या ओळी करून घेतलेत. (‘विहीर’ दीर्घ असते हे मी सांगितल्यावर तुम्ही लगेच तक्ता बदललात, तेव्हा तुमच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.) वेग किती आला, हे तुम्ही सुरुवातीला कधीच विचारलं नाहीत. चुका किती झाल्या, एवढंच पाहायचात. चूक झाली की बोट मागे जातं, लय तुटते आणि वेग तिथेच मरतो, हे मला पुढे कौशल्य चाचणीच्या सरावात नीट उमगलं.

सगळ्यात मोठे उपकार वाईट दिवसांचे. मुलगा तापाने फणफणला की क्लास बुडायचा आणि घरात कॉम्प्युटर नव्हता. त्या दिवशी पूर्ण तास नकोच, तुम्ही म्हणालात, स्वयंपाकाच्या ओट्यावर बोटं ठेव आणि एक परिच्छेद मनात म्हणत चालव. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी तेवढंच करायचे. पण सराव तुटला नाही, आणि दुसऱ्या दिवशी क्लासला यायची लाज वाटली नाही. माझ्या ओळखीच्या कितीजणींनी केवळ त्या लाजेपायी क्लास सोडला.

पोस्टातल्या आरडीचंही, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बचत खात्याचंही, तुम्हीच सुचवलंत. मी उत्साहाने दोन हजारांचा हप्ता धरला होता. दिवाळी आणि शाळेची फी एकाच महिन्यात आली तरी भरता येईल तेवढाच धर, म्हणालात. खातं महिना १०० रुपयांपासून उघडतं, मुदत पाच वर्षांची, आणि लागोपाठ चार हप्ते चुकले की खंडित होतं. मी पाचशे धरले. ते खातं अजून चालू आहे, माझ्या एकटीच्या नावावर.

एक गोष्ट मात्र मला सर्वांना ओरडून सांगावीशी वाटते. आपल्याकडची मुलं पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसतात. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षं, मागासवर्गीयांना ४३. मग तीच मर्यादा नकळत त्यांचा बेत होऊन बसते. घरचेही ‘कधीपर्यंत?’ असं विचारायला कचरतात. तुम्ही ते मला प्रेमाने विचारलंत आणि तारीख माझ्याच हाताने लिहून घेतलीत. राज्यसेवेचे प्रयत्न मी त्या तारखेपर्यंत नोकरी सांभाळून करणार आहे. त्यानंतर खात्यातल्या परीक्षा आहेत, बढतीची वाट आहे.

माझ्या जावेची मुलगी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईल. पोलीस, तलाठी, बँक, सगळे फॉर्म एकदम भरून गोंधळली आहे बिचारी. तिची फी मी भरणार आहे, नाही म्हणू नका.

आपली विद्यार्थिनी