हॉटेलचा रेट कशाला बघता, कॅन्सलेशनचे नियम बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यटक नाहीत तरी हॉटेलवाले रेट पाडत नाहीत, नुसती लूट चाललीय, असं दर मोठ्या संकटानंतर ऐकायला मिळतं, कोरोनात ऐकलं, पहलगामनंतरही ऐकलं. मी बरीच वर्षं हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर काढलीत म्हणून लिहितोय. वकिली करायला बसलेलो नाही, खाली त्यांना चार शब्द सुनावणारच आहे.

लोकांना वाटतं रिकामी रूम म्हणजे संध्याकाळची मेथीची जुडी, उद्या सुकणार तर आज निम्म्यात देऊन टाका. आजची रात्र विकली नाही तर गेली हे खरंच आहे. पण भाजीवालीसमोर गिऱ्हाईक उभं असतं हो, ते फक्त भावावर अडलेलं असतं. २०२० च्या जुलैत काय होतं? गोवा २ जुलैला उघडलं पण कोविड निगेटिव्हचा कागद आणा नाहीतर तिथे टेस्ट करा, महाराष्ट्रात ८ जुलैपासून परवानगी मिळाली तीही ३३ टक्केच रूम भरायची, आणि माणूस तर घाबरून घरात. रूम पाचशेला दिली असती तरी कोण आलं असतं? पहलगामचंही तेच. २२ एप्रिल २०२५ ला हल्ला झाला, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण गेले, आठवड्याभरात तिथल्या सरकारनंच ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. मे महिना म्हणजे इकडच्या टूरवाल्यांचा काश्मीरचा हुकमी सीझन, तो पूर्ण बसला. श्रीनगरवाल्यानं रेट निम्मा केला असता म्हणून तुम्ही पोराबाळांना घेऊन गेला असतात का, खरं सांगा.

आता हिशोब. समजा ४० रूमचं हॉटेल, रेट ५००० आणि भरल्यात २०. एका रूममागे लाँड्री, वीज, साबण, नाश्ता धरून ८०० जातात असं धरू, म्हणजे हातात ८४ हजार. रेट ३००० केला की रूममागे उरतात २२००, तेवढेच ८४ हजार मिळवायला ३९ रूम भरायला लागतात. चाळीसपैकी एकोणचाळीस, आणि तेही मंदीत! पगार, बँकेचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स हे तर दोन्हीकडे सारखंच. शिवाय तुम्ही पाडलात की समोरचाही पाडतो, मग दोघांच्याही रूम रिकाम्याच राहतात आणि रेट तेवढा खाली बसतो. अमेरिकेत २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरही रेट पाडून फायदा झाला नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी त्या काळातल्या हजारो हॉटेलांचे आकडे तपासले, शेजाऱ्यापेक्षा स्वस्त असलेल्यांच्या रूम जास्त भरल्या पण भरलेल्या-रिकाम्या सगळ्या रूम धरून रूममागचं उत्पन्न कमीच पडलं. आणि एकदा ३००० ला राहून गेलेला गेस्ट पुढच्या दिवाळीत ५००० ऐकून फोन आपटतो ते वेगळंच.

म्हणून रेट उघडपणे पाडत नाहीत, मागच्या दारानं पाडतात. दोन रात्रींवर तिसरी फ्री, साध्या रूमच्या पैशात सी-व्ह्यू, जेवणासकट पॅकेज, कोरोनात ते वर्केशन की काय निघालं होतं ते, आठवड्याचे पैसे भरा आणि लॅपटॉप घेऊन पंधरा दिवस राहा. जुन्या गेस्टला व्हॉट्सॲपवर वेगळाच रेट जातो. वेबसाइटवर तो दिसायचा नाही कारण बुकिंग ॲपवाल्यांच्या करारात अट असायची की आमच्यापेक्षा स्वस्त तुमच्या साइटवर लावायचं नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींचा दंड ठोकला त्यात हाही मुद्दा होता. माझा सल्ला एवढाच, ॲपवर बघा आणि मग सरळ हॉटेलला फोन लावा, ॲपचं कमिशन वाचलं की रिझर्व्हेशनवाला थोडंफार सोडतोच.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे पाडलेलं अगदी परवडतं, ते म्हणजे ७५०० ची जीएसटीची रेघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंत ५ टक्के, वर गेलं की १८. आठ हजाराची रूम गेस्टला ९४४० ला पडते, तीच ७५०० ला लावली की ७८७५. हॉटेलनं ५०० सोडले, गेस्टचे १५६५ वाचले. पाच टक्क्यांत हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही ही मेख आहेच, तरी धंदा बसला की आठ-साडेआठ हजारवाले या रेघेखाली येतात, तिथे घासाघीस जरूर करा.

आता ते चार शब्द. रेट टिकवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार आहे आधी घेतलेल्या पैशांबद्दल. एप्रिल २०२१ मध्ये ब्रेक द चेन लागलं, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, तेव्हा माझ्या भाच्याचं एका हिल स्टेशनचं बुकिंग होतं, पूर्ण पैसे भरलेले. सरकारच जाऊ देत नव्हतं तरी रिफंड नाही, व्हाउचर घ्या म्हणाले, त्यात शनिवार-रविवार चालणार नाही, दिवाळी-नाताळ चालणार नाही, वर नव्या रेटचा फरक भरा. म्हणजे गिऱ्हाईक नसताना रेट ५००० चा ५००० दाखवायचा आणि अडकलेल्याकडून जास्तच काढायचे, याला काय म्हणायचं? उलट फुकट तारीख बदलून देणारे, एक दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत करणारेही होतेच, आणि माझ्या मते मंदीतली खरी सूट तीच, कारण घाबरलेल्या माणसाला हजार रुपये कमी नको असतात, पैसे बुडणार नाहीत एवढंच हवं असतं.

विमान तिकिटांबाबत सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबर २०२० ला लॉकडाऊनमधल्या रिफंडचे नियम घालून दिले, पण ते विमानापुरते. हॉटेलांसाठी ग्राहक खात्यानं तसंच करावं: सरकारी आदेशानं प्रवास बंद झाला तर ठराविक दिवसांत पैसे परत, व्हाउचर फक्त गिऱ्हाईकानं मागितलं तरच, आणि ही अट बुकिंगच्या पानावर रेटच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

– एक वाचक, ठाणे