अमेरिकेतील नर्सिंग होम : मेडिकेडचा अर्ज लांबवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत सही झालेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्यातला पैसे पाठवण्यावरचा १ टक्का कर आपल्याकडे बराच गाजला. बँक खात्यातून पाठवलेल्या पैशांना तो लागतही नाही! तिकडे नर्सिंग होममध्ये असलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने त्याच कायद्यातले मेडिकेडचे (कमी उत्पन्न आणि शिल्लक असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे) एक छोटे कलम जास्त महाग पडणार आहे.

नर्सिंग होममधल्या दीर्घ मुक्कामाचे पैसे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) देतच नाही. रुग्णालयात सलग तीन दिवस दाखल राहिल्यानंतर जास्तीत जास्त १०० दिवस, आणि त्यातही एकविसाव्या दिवसापासून रोजचा वाटा रुग्णाचा (२०२५ मध्ये २०९.५० डॉलर). ‘ऑब्झर्व्हेशन’मधले, म्हणजे दाखल न करता नुसते देखरेखीखाली ठेवलेले, दिवस त्या तिनांत धरत नाहीत. स्वतःची शिल्लक संपली की उरते मेडिकेड. आजवर बहुतेक राज्यांत अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांची बिलेही, त्या काळात पात्रता असल्यास, मेडिकेड भरत असे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोनच महिने मिळतील. मार्चमध्ये अर्ज केला तर जानेवारी-फेब्रुवारीचे सुटेल, डिसेंबरचे बिल अंगावर राहील.

उशीर होतो तो कागदांपायी. मागच्या ६० महिन्यांचे व्यवहार दाखवावे लागतात, आणि भारतातले त्यातून सुटत नाहीत. एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचे उतारे, मुदत ठेवी, आईच्या नावावरच्या पुण्यातल्या सदनिकेचा इंडेक्स-२, पुतण्याला दिलेले पैसे, देवस्थानची मोठी देणगी, सगळे आले. खरेदीखत मराठीत असेल तर भाषांतरही लागते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ या संयुक्त खात्यातली सगळी रक्कम बहुधा अर्जदाराचीच धरतात. त्यातले पैसे मुलाचे असतील तर ते त्याने सिद्ध करायचे. मोबदला न घेता दिलेल्या रकमेला राज्याने ठरवलेल्या सरासरी मासिक खर्चाने भागतात आणि येतील तेवढे महिने मेडिकेड नर्सिंग होमचे पैसे देत नाही, आणि हे महिने मोजायला सुरुवात होते तीही हातचा पैसा संपल्यावर. त्यामुळे आयत्या वेळी बक्षीसपत्र करून फ्लॅट मुलीच्या नावावर करा, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. कागद अपुरे म्हणून अर्ज फेटाळला गेला आणि नवा करावा लागला, तर मागचे दोन महिने नव्या तारखेपासून मोजतात. मेडिकेअरचे पहिले वीस दिवस चालू असतानाच बँकेकडे उतारे मागावेत.

ग्रीन कार्डवर गेलेल्यांना सहसा पहिली पाच वर्षे मेडिकेड नाही. मुलाच्या नोकरीची वर्षे आईवडिलांच्या मेडिकेअरसाठी धरली जात नाहीत, हेही अनेकांना फार उशिरा कळते.

याच कायद्याने नर्सिंग होममधल्या कर्मचारीसंख्येचा २०२४ चा नियम ३० सप्टेंबर २०३४ पर्यंत रोखला होता; पुढे सरकारने तो नियमच रद्द केला. त्यात प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तास शुश्रूषा आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका अपेक्षित होती. परिचारिका मिळत नाहीत, हे चालकांचे म्हणणे खोटे नाही. पण अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायला माणूस लागतोच. रोजच्या पाळीतल्या कर्मचाऱ्यांचे आकडे दर्शनी भागात लावणे आजही बंधनकारक आहे. ते रविवारी जाऊन वाचावेत.

प्रवेशाच्या करारात ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून मुलांची सही मागतात. मुलांनी स्वतःच्या खिशातून बिल भरण्याची हमी ही प्रवेशाची अट करता येत नाही. सही करायचीच तर नावापुढे ‘केवळ मुखत्यार म्हणून’ असे लिहावे, आणि लवादाच्या (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे नेण्याच्या) कलमावर सही करू नये. तीही सक्तीची नाही. केलीच असेल तर ३० दिवसांत मागे घेता येते.

— एक वाचक, न्यू जर्सी