शेवाळाचा नकाशा की डांबरी रस्त्यांचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट उजाडला की आपल्या पेपरात कासचे फोटो यायला लागतात, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, सगळं छानच असतं आणि बघायलाही बरं वाटतं. पण त्याच कातळावर फुलांच्या आधी जे हिरवं येतं त्याच्यावर एखादी ओळ वाचल्याचं आठवत नाही. मॉस आणि लिव्हरवर्ट म्हणतोय मी, म्हणजे फुलं-बिया न येणाऱ्या, ओल्या दगडा-मातीवर पसरणाऱ्या बारक्या हिरव्या वनस्पती. पाय घसरला की तेवढ्यापुरती त्यांची आठवण होते, ती पण शिवी देऊनच.

मी कॉलेजात बॉटनी शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या जरा जास्तच जवळचा आहे हे आधीच कबूल करतो. जगात या गटाच्या वीसेक हजार जाती आहेत, त्यातल्या अडीच हजारांवर भारतात. महाराष्ट्रातलं काम काढून बघा, महाबळेश्वर, खंडाळा-लोणावळा, पन्हाळा, आंबोली हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेजविक नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातलं मॉस गोळा केलं आणि इंग्लंडमधल्या डिक्सनने ते ओळखलं, पुढे जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर मोठं काम केलं. ही माणसं नसती तर आपल्याकडे तेवढंही नसतं. पण त्यानंतर आपण त्याच त्याच घाटात फिरतोय, जिथे गाडी जाते, रेस्ट हाऊस आहे आणि चहा मिळतो. मग पुस्तकात छापून येतं की अमुक जात फक्त अमुक ठिकाणी सापडते आणि पोरं ते पाठ करतात. अरे बाबा, ती तिथेच सापडते कारण शोधणारा तिथेच गेला! लोणारच्या धारेजवळच्या दगडांवर काय आहे, तोरणमाळच्या ओढ्यात काय आहे, गडचिरोलीच्या जंगलात पडलेल्या ओंडक्यावर काय आहे, याच्या नोंदी त्या मानाने फारच थोड्या, आणि नोंद नाही म्हणजे वनस्पती नाही असा अर्थ आपण खुशाल काढतो.

यावर कोणी म्हणेल की मोठा प्रोजेक्ट मंजूर होऊ दे मग बघू. मला ते पटत नाही. आपापल्या गावातल्या मॉस-लिव्हरवर्टचा सर्व्हे करायला लागतं काय तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बोथट सुरी आणि तुमच्याच पेपरची रद्दी. मॉस खरवडून रद्दीच्या पाकिटात घालायचं, वर ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ते कशावर वाढलं होतं ते लिहायचं (हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सिमेंटवरचं वेगळं, जांभ्यावरचं वेगळं आणि झाडाच्या सालीवरचं वेगळं, सालीवरही बुंध्याशी एक आणि फांदीवर दुसरंच) आणि सावलीत वाळवायचं, झालं. वाळलेलं मॉस वर्षानुवर्षं टिकतं आणि पाण्याचा थेंब टाकला की पानं परत उघडतात. आपल्या भिंतींवर सगळीकडे दिसणारं हायोफिला इन्व्होल्यूटा घ्या, उन्हाने पानं आत वळून नुसती काळपट खरूज दिसते आणि पहिल्या सरीला पाच मिनिटांत हिरवंगार.

लिव्हरवर्टचं मात्र असं नाही, आणि इथेच बाहेरून एक दिवसाची सहल काढून केलेले सर्व्हे फसतात. त्यांच्या पेशींमध्ये तेलाचे बारीक थेंब असतात, त्यांचा आकार, संख्या, रंग यावरून कित्येक जाती ओळखायच्या असतात आणि वाळवलं की बहुतेकदा ते थेंबच गायब. म्हणजे मायक्रोस्कोप जवळपास पाहिजे, दोन दिवसांनी कुरिअरने पाठवून भागत नाही. रिक्सिया नावाचा लिव्हरवर्ट तर अजून वेगळा, शेताच्या बांधावर पावसाळ्यात त्याच्या हिरव्या चकत्या उमटतात, पाऊस सरला की वाळून संपतात आणि पुढच्या पावसापर्यंत मातीत फक्त बीजाणू. त्याची जात पक्की करायला पिकलेल्या बीजाणूंवरची नक्षी बघावी लागते, म्हणजे फार लवकर गेलात तरी नापास आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलात तरी नापास. सायॅथोडियम हा आणखी एक लिव्हरवर्ट बघायला जुन्या विहिरीत नाहीतर गुहेच्या तोंडाशी जावं लागतं, तिथल्या अंधूक उजेडात ते पिवळट हिरवं चमकतं, पोरांना दाखवलं की त्यांचा विश्वास बसत नाही. हे सगळं ज्याचं घर तिथून सायकलवर आहे तोच नीट करू शकतो. तालुक्याच्या गावाला आता सायन्स कॉलेज असतं, मायक्रोस्कोप असतात आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधणारी पोरं तर असतातच. आणि आपण त्यांना दाखवतो काय तर विकत आणलेला, बाटलीत फिकट पडलेला मार्केंशिया नावाचा लिव्हरवर्ट, तर कॉलेजच्या मागच्या बांधावरचा रिक्सिया तुडवून ती प्रॅक्टिकलला येतात. एका कॉलेजात मी विचारलं की बाहेरचं का नाही घेत, तर उत्तर मिळालं, सिलॅबसमध्ये मार्केंशिया आहे. काय बोलणार!

ब्रिटनमध्ये १८९६ साली मॉसची पाकिटं पोस्टाने एकमेकांना पाठवणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब निघाला, त्याचीच पुढे १९२३ मध्ये ब्रिटिश ब्रायॉलॉजिकल सोसायटी झाली. त्यांनी देशाचे दहा किलोमीटरचे चौकोन पाडून कोणती जात कुठे आहे याचे नकाशे छापले, त्यात हौशी मंडळींचा वाटा मोठा. युरोपातल्या बऱ्याच देशांत १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून त्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू मोजतात, कारण मॉसला खरी मुळं नसतात, ते हवेतून आणि पावसातून येईल ते अंगावरच घेतं. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात असं काहीतरी करता येईल का हे कोणीतरी बघायला हवं, पण त्याच्या आधी तिथे कोणतं मॉस वाढतं ते तर माहीत पाहिजे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. त्यात स्थानिक नाव काय, उपयोग काय असं विचारतात, आणि ज्याला गावात वेगळं नाव नाही आणि उपयोग कोणाला माहीत नाही ते त्या वहीत शिरणार कसं? राज्य जैवविविधता मंडळाने फक्त एक जादा पान घातलं, भिंत, विहीर, बांध, देवराईतलं जुनं झाड, आणि पाकीट जवळच्या कॉलेजात दिलं की नाही, एवढंच, तरी चालेल. नाव पुढे तज्ज्ञ लावतील. पाकिटं मात्र कपाटात सडता कामा नयेत, नक्कल नमुना पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात जायला हवा. मोबाईलवर फोटो काढून अपलोड केला म्हणजे नोंद झाली असं आजकाल सगळ्यांना वाटतं, पण यातल्या बहुतेक जाती फोटोवरून ओळखता येत नाहीत.

अजून एक, गडकिल्ल्यांचं. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा आपल्याकडचे, आता साफसफाईचा उत्साह वाढणार. तटबंदीवरचं मॉस काढावं का ठेवावं हा वाद पुरातत्त्ववाल्यांचा, त्यात मी पडत नाही. पण तारेचा ब्रश मारायच्या आधी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवरचं थोडं थोडं वेगळ्या पाकिटात काढून ठेवा की! एकाच गडावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत, उन्हाकडची आणि सावलीतली, अशा सगळ्या तऱ्हेच्या भिंती मिळतात, सर्व्हे करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार. देवरायांचंही तेच, जुनं देऊळ पाडून स्लॅबचं बांधताना भोवतालची झाडं तोडली की आतली ओल जाते आणि पानांवर वाढणारे बारके लिव्हरवर्ट आधी मरतात, नंतर शोधायला गेलो तर तिथे होते हे सांगायलाही कोणी उरत नाही.

आपल्या जिल्हा पानावर दर जूनमध्ये कॉलेजांसाठी एक छोटी चौकट टाकलीत तर खर्च काही नाही. संरक्षित जंगलात वनखात्याची परवानगी घ्यावी लागेल, पण गावची विहीर, शेताचा बांध आणि एसटी स्टँडची मागची भिंत यांना मालकाला विचारलं की पुरे. फक्त सेमिस्टर परीक्षा संपायची वाट बघू नका म्हणावं, तोपर्यंत बांध वाळलेला असतो.

आपला नम्र,
बॉटनीचा एक मास्तर, जि. कोल्हापूर