दिवा विझला म्हणजे एअरबॅग आहे, असे समजू नये

मा. संपादक,
सादर नमस्कार.

दसरा तोंडावर आला आहे. नव्या-जुन्या गाड्या घरोघरी येतील आणि त्यांच्या पाठोपाठ सीट कव्हर, मॅटिंग, म्युझिक सिस्टीम यांची खरेदीही होईल. या सजावटीत अलीकडे कंपनीचे स्टिअरिंग काढून बाजारातले ‘स्पोर्ट्स’ स्टिअरिंग बसवून घेण्याची टूम आली आहे आणि तिच्याविषयीच हे पत्र आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मास्तरकीचा सूर लागला तर वाचकांनी तो चालवून घ्यावा.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाने एक जुनी हॅचबॅक घेतली. गाडी २०२० सालची, एकहाती वापरलेली, रंगही जागेवर. “काका, एकदा नजर टाका,” म्हणून त्याने ती दारात आणून उभी केली. आत बसलो तर समोर मूळच्यापेक्षा लहान स्टिअरिंग, काळ्या रेक्झिनवर लाल दोऱ्याची शिलाई, ॲल्युमिनियमचे तीन दांडे आणि मधोमध हॉर्नचे गोल बटण. कंपनीच्या स्टिअरिंगच्या मधल्या गादीवर ‘एअरबॅग’ अशी उठावाची अक्षरे असतात. येथे अक्षरे नव्हती आणि गादीही नव्हती. तरीसुद्धा किल्ली फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागला आणि सहा-सात सेकंदांनी अगदी शहाण्यासारखा विझला. ज्या गाडीत एअरबॅगच दिसत नाही, तिचा दिवा ‘सारे ठीक आहे’ असे सांगत होता.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याच्याकडे गाडी नेली. “सर, दिवा तर विझतोय, मग बघायचं काय?” हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त होता, कारण शंभरातले नव्व्याण्णव मेकॅनिक तेवढेच बघतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून चहा होईपर्यंत थांबलो, कारण बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये काही मिनिटे वीज साठून राहते. मग हॉर्नचे बटण उचकटले, सहा ॲलन बोल्ट काढले, स्टिअरिंग हातात आले. त्याखाली ॲल्युमिनियमचा पेल्यासारखा जोड होता, ज्याला बाजारात ‘बॉस किट’ म्हणतात. त्याच्याही आत, एअरबॅगच्या पिवळ्या प्लगच्या दोन टोकांमध्ये, काळ्या टेपात गुंडाळलेला आणि तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा असा एक रेझिस्टर डाग देऊन बसवलेला होता. त्याची किंमत रुपया-दोन रुपये असेल.

हा दाणा करतो काय, ते सांगायला हवे. एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या डबीत, ठिणगी पाडणारी एक बारीक तार असते आणि तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. किल्ली फिरवली की कंट्रोल युनिट त्या वाटेने अगदी क्षीण वीज सोडून हा रोध मोजते. मोजमाप अपेक्षेप्रमाणे आले की दिवा विझतो, वायर तुटलेली असेल तर दिवा लागून राहतो. आता त्या तारेऐवजी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर लावला, तर युनिटला फरक कळण्याचा मार्ग उरत नाही. उद्या समोरून धडक झाली तर युनिट नेहमीप्रमाणे हुकूम सोडेल आणि तो हुकूम त्या रेझिस्टरपाशी येऊन संपेल. दिवा सतत जळत राहिला असता तर निदान माझ्या शेजाऱ्याला विकत घेतानाच संशय आला असता. एअरबॅग काढणे ही एक चूक झाली, पण काढल्याची खूण पुसून ती गाडी दुसऱ्याच्या गळ्यात घालणे याला मी सरळ फसवणूकच म्हणतो.

स्टिअरिंग बदलणाऱ्यांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. जाड, घट्ट पकडीचे स्टिअरिंग हातात घेतले की गाडी अधिक ताब्यात वाटते, आणि स्वस्तातल्या मॉडेलचे कंपनीचे स्टिअरिंग बहुधा गुळगुळीत प्लास्टिकचेच असते. “रेसिंगच्या गाड्यांत कुठे एअरबॅग असते?” हा प्रश्न तर मला वर्गात दरवर्षी ऐकू येत असे. त्याचे उत्तर असे की रेसिंगचा चालक खांदे, कंबर आणि मांड्या यांना पाच-सहा ठिकाणी जखडणाऱ्या पट्ट्यांनी सीटला बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असते आणि मानेला आधार देणारे वेगळे साधन असते. त्याचे डोके स्टिअरिंगपर्यंत पोचूच नये अशी ती सगळी बांधणी आहे. आपल्या गाडीतला तीन टोकांचा पट्टा धडकेत थोडा सैल सोडत छातीला पुढे येऊ देतो, आणि पुढे आलेले डोके व छाती झेलायला एअरबॅग तिथे असेल असे धरूनच सगळी रचना झालेली असते. त्या मांडणीतून एअरबॅग काढून घेतली की पुढे येणाऱ्या तोंडासमोर उरतो तो हॉर्नच्या बटणाचा धातू. शिवाय बॉस किटमुळे स्टिअरिंग चालकाच्या दिशेने काही सेंटिमीटर सरकते, तो भाग वेगळाच. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे असा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा सल्ला आहे, तो एअरबॅग असलेल्या गाडीसाठी आहे. एअरबॅग नसताना ते अंतर आणखी कमी करून घ्यायचे, याला काय म्हणावे?

याच प्रशासनाच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगमुळे अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक जीव वाचले. धडक झाल्यापासून साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, पिशवी भरते, आणि भरताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणूनच ती पट्ट्याच्या जोडीला असायला हवी, पट्ट्याच्या जागी नव्हे. म्हणूनच तिच्याशी घरगुती खेळही करू नये.

आता काही दुकानदार सांगतात की आमचे स्टिअरिंग कंपनीच्याच एअरबॅगसह बसते, चिंता नको. हा प्रकार रेझिस्टरपेक्षा बरा, पण त्यातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भरलेली पिशवी मागच्या बाजूने स्टिअरिंगच्या कड्यावर टेकते आणि त्या आधारावर माणसाला झेलते, त्यामुळे कड्याचा व्यास, आकार आणि वाकण्याची ताकद कंपनीने एअरबॅगसह एकत्र तपासलेली असते. बाजारातल्या स्टिअरिंगची अशी चाचणी झाल्याचा कागद मागून पाहावा. मला आजवर कोणी दाखवलेला नाही. दुसरे असे की स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी केबल. स्टिअरिंग काढताना ती मध्यावरून फिरली आणि तशीच बसवली, तर एके दिवशी पूर्ण वळण घेताना तुटते. मग हॉर्नही जातो आणि एअरबॅगही. काही गाड्यांत स्टिअरिंग किती वळले हे सांगणारा सेन्सरही तिथेच असतो, आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा त्याच्यावर चालते.

त्याहून वाईट मार्ग म्हणजे अपघातातल्या किंवा भंगारातल्या गाडीची एअरबॅग स्वस्तात आणून बसवणे. वरच्या मॉडेलचे लेदरचे स्टिअरिंग एअरबॅगसकट भंगार बाजारात मिळते, खाचे जुळतात, बटणे चालतात, मालक खूश होतो. पण इन्फ्लेटर ही स्फोटक रसायन भरलेली वस्तू आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडले, धडकेत धातूची डबीच फुटून तिचे तुकडे माणसांना लागले, जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हे कंपनीने कारखान्यात बसवलेल्या मालाचे झाले. भंगारातली डबी किती वर्षे कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती, पाण्यात गेली होती का, याचा हिशेब कोण देणार? २०२४ मध्ये अमेरिकेत स्वस्तातल्या बदली इन्फ्लेटरमुळे मृत्यू झाल्यावर तिथल्या प्रशासनाला ग्राहकांसाठी जाहीर इशारा द्यावा लागला. कोकणातली हवा आणि मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात घेता आपण त्यातून काही शिकायला हरकत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या पोटकलमात मालकाचे नाव आहे, बदल करून देणाऱ्या दुकानदाराचा उल्लेखही नाही. आणि पकडणार कोण? पीयूसीच्या वेळी धूर तपासतात. खासगी मोटारीची योग्यता तपासणी एरवी पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. मधल्या काळात गाडी तीन हातांतून फिरली तरी स्टिअरिंगमागचा तो दाणा कोणाला दिसत नाही.

ज्यांना पकड चांगली हवी, त्यांनी मूळ स्टिअरिंगच्या कड्यावर पातळ लेदर शिवून घ्यावे आणि मधल्या गादीला हात लावू देऊ नये, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेले स्टिअरिंग नव्या एअरबॅगसह बसवावे आणि बिलावर दोन्हींचे पार्ट नंबर लिहून घ्यावेत. खर्च अंगावर येतो, पण या पैशात कसर करू नये. मधल्या गादीवर खड्यांचे बिल्ले, धातूची नावे चिकटवू नयेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या त्याच महामार्ग सुरक्षा प्रशासनाने असा बिल्ला एअरबॅगसोबत उडून एका चालकाचा डोळा गेल्याचे सांगितले होते. आणि डॅशबोर्डवर डावीकडे जो बाप्पा आपण भक्तिभावाने चिकटवतो, त्याच्या खालीच बहुतेक गाड्यांत दुसऱ्या सीटची एअरबॅग असते. बाप्पाला थोडे मध्यभागी, एअरबॅगच्या झाकणापासून दूर बसवावे, त्याची हरकत नसेल. एअरबॅगच नसलेल्या जुन्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे निदान हे गमावण्याची भीती नाही. दिव्यांग चालकांसाठी रीतसर परवानगीने केलेले बदलही वेगळे. त्यांना या पंक्तीत बसवू नये.

परिवहन विभागाकडे एकच मागणी आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकारपत्र देण्याचे नियम २०२२ च्या अखेरीस केंद्राने अधिसूचित केले. अशा विक्रेत्याने गाडी विकताना एअरबॅगची तपासणी दोष शोधणारे यंत्र जोडून आणि स्टिअरिंगची गादी डोळ्यांनी पाहून केल्याचा लेखी दाखला ग्राहकाला द्यावा, असे बंधन घालावे. नुसता दिवा विझल्याची नोंद ग्राह्य धरू नये. आणि मूळ स्टिअरिंग काढणाऱ्या दुकानदाराने बिलावर ‘चालकाची एअरबॅग काढली’ असे स्वच्छ लिहिण्याची सक्ती करावी. निम्मी दुकाने तेवढ्यानेच हे काम सोडतील असा माझा कयास आहे.

आमच्या गाडीचे पुढे असे झाले की शेजाऱ्याने पहिल्या मालकाला फोन केला. मूळ स्टिअरिंग एअरबॅगसह त्याच्या माळ्यावर, पत्र्याखाली, पोत्यात गुंडाळून पाच वर्षे पडले होते आणि “न्या की, फुकट न्या” असे तो मोकळेपणाने म्हणाला. स्टिअरिंग आणले. एअरबॅग बसवू नकोस, नवी मागव, असे मी मुलाला सांगितले आणि ती यायला तीन आठवडे लागतील असे सर्व्हिस सेंटरने कळवले आहे. तोवर गाडी दारात उभी आहे. पोत्यातली जुनी एअरबॅग मी झाकणाची बाजू वर करून एका रिकाम्या खोलीत ठेवली आहे, कारण ती भंगारवाल्याला दिली तर उद्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसेल. अशी न फुटलेली एअरबॅग नागरिकाने कुठे जमा करावी, याची माहिती जिल्ह्यातल्या परिवहन कार्यालयाने आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा